ट्रान्सफर काउंटरची परीक्षा: दोन वेगळी तिकिटं आणि मधल्या देशाचा व्हिसा नाही

मोठ्या विमानतळांवर इमिग्रेशनच्या अलीकडे, म्हणजे देशात न शिरता जिथपर्यंत जाता येतं त्या भागात, ट्रान्सफर काउंटर असतात. एकाच तिकिटावर विमान बदलणाऱ्याला त्यांची फारशी गरज पडत नाही, कारण दोन्ही बोर्डिंग पास बहुतेक वेळा निघतानाच हातात पडलेले असतात. गरज पडते ती दोन वेगळी तिकिटं काढणाऱ्याला. त्यात मधल्या देशाचा व्हिसा नसेल, तर पुढचं विमान मिळणार की नाही हे हा काउंटरच ठरवतो. म्हणून हे परीक्षण या सेवेचं आहे: ती कुठे चोख मिळते, कुठे नावापुरती आहे आणि कोणत्या विमानतळावर तिच्या भरवशावर तिकीट काढूच नये.

मत आधीच सांगतो. चेक-इनचं सामान नसेल आणि पुढच्या कंपनीचा किंवा तिचं काम बघणाऱ्या ग्राउंड हँडलिंग एजन्सीचा माणूस आतल्या काउंटरवर बसत असेल, तर सेवा उत्तम आहे. या दोनपैकी एक जरी अट हुकली, तर तिकिटात वाचलेले पैसे एका फटक्यात जातात. तिसरीही एक अट आहे, पण ती मधल्या विमानतळावरची नाही. पहिल्या विमानाच्या चेक-इनलाच तुम्हाला सोडलं पाहिजे. बहुतेकांचा प्रवास अडतो तो इथे, आणि सगळे दोष देतात ट्रान्सफर काउंटरला.

काउंटर नेमकं काय करतो

काम तीन प्रकारचं. पुढच्या विमानाच्या यादीत तुमचं नाव शोधायचं, शेवटच्या देशाचा व्हिसा किंवा प्रवेशपरवानगी तपासायची आणि बोर्डिंग पास छापून द्यायचा. त्यासाठी पासपोर्ट, पुढच्या तिकिटाचा सहा अक्षरी पीएनआर आणि ज्या विमानाने आलात त्याच्या बोर्डिंग पासचा उरलेला तुकडा लागतो. हा तुकडा लोक विमानातच सीटच्या खिशात टाकून येतात. तुम्ही कोणत्या विमानातून उतरलात हे दाखवायला तोच पटकन कामी येतो, तेव्हा पुढचा बोर्डिंग पास मिळेपर्यंत तो जपून ठेवा.

नावाचंही बघा. एका तिकिटावर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि दुसऱ्यावर पूर्ण नाव एकाच रकान्यात असेल, तर दोन कंपन्यांची दोन माणसं दोनदा शंका काढतात. दोन्ही बुकिंग पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी मशीनने वाचण्यासाठी छापलेल्या दोन ओळींप्रमाणे करा.

काउंटर काय करत नाही, हे जास्त महत्त्वाचं. पहिलं विमान उशिरा आलं म्हणून तो तुम्हाला पुढच्या विमानात फुकट बसवत नाही. दुसऱ्या कंपनीच्या हिशेबी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी असता, कारण पहिल्या विमानाशी तिचा काही करार नसतो. तो व्हिसा देत नाही. आणि बेल्टवर गेलेली तुमची बॅग आणून देणं हे त्याचं काम नाही. काही ठिकाणी कर्मचारी टॅगचा नंबर घेऊन प्रयत्न करतात, पण तो त्यांचा चांगुलपणा झाला, त्यावर प्रवास आखता येत नाही.

बॅगेचा टॅग वाचायला शिका

सगळं गणित फिरतं ते बॅगेवर. निघताना हँडलला जी लांब पट्टी गुंडाळतात, तिच्यावर सर्वांत ठळक छापलेली तीन अक्षरं म्हणजे बॅग जिथे शेवटी उतरणार तो विमानतळ. सिंगापूरमार्गे मेलबर्नला निघाला असाल तर ठळक अक्षरं मेलबर्नची, म्हणजे ‘एमईएल’ हवीत, आणि सिंगापूरचं ‘एसआयएन’ मधला टप्पा म्हणून वेगळ्या ओळीत. पट्टीवर फक्त ‘एसआयएन’ असेल तर बॅग सिंगापूरच्या बेल्टवर येणार, आणि बेल्ट इमिग्रेशनच्या पलीकडे आहे. व्हिसा नाही म्हणजे बॅग नाही. पट्टी लावताना तिथेच उभं राहून ती वाचा. बॅग आत गेल्यावर टॅग बदलायला लावणं फार कठीण होतं. तुमच्या हातात येणाऱ्या छोट्या तुकड्यावर दहा आकडी नंबर असतो, त्यातले दुसरा, तिसरा आणि चौथा आकडा मिळून विमान कंपनीचा कोड असतो. बॅग शोधायची वेळ आली तर हाच नंबर विचारतात.

वेगळ्या तिकिटांवर बॅग थेट शेवटपर्यंत टॅग होऊ शकते का? होऊ शकते, पण दोन गोष्टी जुळाव्या लागतात. दोन्ही कंपन्यांमध्ये इंटरलाइन करार, म्हणजे एकमेकींचे प्रवासी आणि बॅगा पुढे नेण्याचा करार हवा, आणि पहिल्या कंपनीचं धोरण वेगळ्या बुकिंगसाठी तसं करण्याची मुभा देणारं हवं. दुसरी गोष्ट लोक विसरतात. ब्रिटिश एअरवेजने २०१६ साली वेगळ्या बुकिंगवरच्या बॅगा पुढे टॅग करणं बंद केलं, दोन्ही विमानं तिचीच असली तरी. म्हणजे एकाच आघाडीतल्या कंपन्या आहेत म्हणून बॅग आपोआप पुढे जाईल, हा हिशेब चुकतो. कमी दराच्या बहुतेक कंपन्यांचे तर इंटरलाइन करारच नसतात. त्यांचा सगळा धंदा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेण्याचा, पुढचं तुमचं तुम्ही बघा असा.

तिकीट काढायच्या आधी पहिल्या कंपनीला नेमका प्रश्न विचारा: वेगळ्या पीएनआरवर अमुक कंपनीच्या विमानाला बॅग थ्रू टॅग करता का? उत्तर लेखी घ्या, चॅट किंवा ईमेलवर. फोनवरचं ‘हो, होईल’ चेक-इन काउंटरवर दाखवता येत नाही.

आमचा सल्ला मात्र सरळ आहे. मधल्या देशात शिरायची परवानगी नसेल तर केबिन बॅगेवरच प्रवास करा. आणि दोन्ही कंपन्यांपैकी जिची वजनाची मर्यादा कमी, ती धरा. पहिल्या विमानात दहा किलो चालले आणि दुसऱ्या कंपनीने आतल्या काउंटरवर सात किलोवर अडवलं, तर जास्तीचं सामान चेक-इन करायची सोय तिथे असेलच असं नाही.

खरी परीक्षा पहिल्या चेक-इनला

तुमच्या पहिल्या तिकिटाचा शेवट मधल्या शहरात होतो. चेक-इनच्या स्क्रीनवर तुम्ही तिथेच राहायला निघालेले प्रवासी दिसता. कर्मचारी टिमॅटिक हा माहितीसाठा उघडतो. आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना तो चालवते, आणि कोणत्या पासपोर्टवर कोणत्या देशात काय लागतं, हे त्यात असतं. त्यात त्याने मधला देश ‘गंतव्य’ म्हणून टाकला तर उत्तर येतं: व्हिसा हवा. मधला देश ‘ट्रान्झिट’ आणि शेवटचा देश ‘गंतव्य’ म्हणून टाकला तर तेच उत्तर बदलू शकतं. फरक एवढाच, आणि प्रवास त्यावर ठरतो.

त्यामुळे विचारायच्या आधीच दुसरं तिकीट पुढे करा आणि स्पष्ट सांगा की मी तिथे बाहेर पडणार नाही, माझं पुढचं विमान अमुक वाजता आहे, चेक-इनचं सामान नाही, कृपया ट्रान्झिट म्हणून तपासा. पुढचं तिकीट कन्फर्म हवं. वेटिंग किंवा स्टँडबाय चालत नाही. शेवटच्या देशाचा व्हिसा हाताशी ठेवा. दुसऱ्या विमानाचं ऑनलाइन चेक-इन झालं असेल आणि बोर्डिंग पास मोबाइलवर असेल तर बाजू फारच भक्कम होते, कारण मग ट्रान्सफर काउंटरवर जायची गरजही अनेकदा उरत नाही.

कर्मचारी कडक का वागतात याचंही कारण आहे. चुकीचा प्रवासी नेला तर अनेक देश विमान कंपनीला दंड करतात, आणि त्याला परत आणायची जबाबदारीही तिच्यावरच येते. म्हणून शंका आली की नकार देणं कर्मचाऱ्याला सोपं जातं. वाद घालण्यापेक्षा सुपरवायझर किंवा ड्युटी मॅनेजरला बोलवायची विनंती करा, आणि त्यासाठी वेळ राहील इतक्या लवकर पोहोचा. तीन तास आधी जाणं इथे चैन नाही. आयाटाच्या ट्रॅव्हल सेंटरच्या पानावर सामान्य प्रवाशालाही याच माहितीवर शोधता येतं. आपल्या पासपोर्टचा, मधल्या विमानतळाचा आणि शेवटच्या देशाचा निकाल आधीच काढून त्याची प्रत जवळ ठेवा. अट बारकाईने वाचा: किती तासांच्या आत निघायचं, ट्रान्झिट भागाबाहेर जाता येतं का, तोच विमानतळ हवा का.

ऑनलाइन चेक-इनमध्ये एक खोच आहे. काही कंपन्यांचा मोबाइल पास निघतो, पण ‘कागदपत्रं तपासलेली नाहीत’ अशी खूण त्यावर राहते. ती तपासणी काउंटरवर किंवा गेटवर करावी लागते. रायनएअरचा नियम तर असा आहे की युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांनी सुरक्षा तपासणीच्या आधी व्हिसा तपासणी डेस्कवर जायचं. तो डेस्क बाहेरच्या बाजूला. म्हणजे आतून आलेल्या, व्हिसा नसलेल्या प्रवाशाने तिथे पोहोचायचं कसं? अशा कंपनीचं तिकीट दुसऱ्या टप्प्यासाठी घेऊच नये.

विमानतळ एकेक करून

सिंगापूरचं चांगी या कामासाठी आम्हाला सर्वांत पसंत. कारण इमारतीच्या रचनेत आहे. तिथे आलेले आणि निघणारे प्रवासी एकाच भागात मिसळतात. टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये सुरक्षा तपासणी गेटवरच होते, त्यामुळे उतरल्यावर वेगळ्या ट्रान्सफर तपासणीची रांग लागत नाही. ही तिन्ही टर्मिनल आतल्या आत स्कायट्रेनने जोडलेली आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेलं टर्मिनल ४ थोडं लांब आहे, तिथे आतली शटल बस जाते आणि तपासणी एकत्रित होते; त्यासाठी वेळ जास्त धरा. गेटवर तपासणी असल्याने पाण्याची बाटली गेटजवळ रिकामी करावी लागते, आणि शंभर मिलिलिटरचा नियम तिथेच लागतो. ट्रान्सफर काउंटरवर आपली कंपनी कोणत्या ठिकाणी सेवा देते हे आधी बघून ठेवा. सगळे काउंटर सगळ्या कंपन्यांचं काम करत नाहीत. बाहेर न पडणाऱ्याला एसजी अरायव्हल कार्ड भरावं लागत नाही. ठरावीक देशांच्या नागरिकांना (भारतीय त्यात येतात) अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांचा वैध व्हिसा असेल तर ९६ तासांच्या व्हिसामुक्त ट्रान्झिटची सोय सिंगापूर देतं. ज्यांना ती लागू होते त्यांच्यासाठी बॅगेचाही प्रश्न सुटतो, कारण बाहेर पडून बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करता येतं. मात्र शेवटचा शब्द इमिग्रेशन अधिकाऱ्याचा.

अॅमस्टरडॅमचं स्खिपोल युरोपात आमच्या पसंतीचं. सगळं एकाच टर्मिनलच्या छपराखाली, शेंगेनबाहेरच्या (शेंगेन म्हणजे आपसात सीमा तपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा गट) विमानांची गेट आतून जोडलेली, ट्रान्सफर डेस्क अनेक.

पण युरोपात आधी शेंगेनचं जाळं समजून घ्यायला हवं, नाहीतर चांगला विमानतळही उपयोगाचा नाही. शेंगेनमध्ये एकाच विमानतळावर, बाहेरून येऊन बाहेर जाणार असाल तरच तुम्ही आंतरराष्ट्रीय ट्रान्झिट भागात राहता. अॅमस्टरडॅमला उतरून माद्रिदला गेलात आणि तिथून पुढे, तर अॅमस्टरडॅमलाच तुम्ही शेंगेनमध्ये शिरलात; अॅमस्टरडॅम ते माद्रिद हा प्रवास देशांतर्गत धरला जातो. त्यासाठी एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसाही पुरत नाही, पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो. तिकिटं शोधणाऱ्या वेबसाइट स्वस्तात अशाच जोड्या दाखवतात. नुसत्या ट्रान्झिट भागातून जायलाही काही पासपोर्टना ‘ए’ प्रकारचा, म्हणजे हाच एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा लागतो. युरोपीय संघाच्या २००९ च्या व्हिसा संहितेत अशा १२ देशांची सामाईक यादी आहे, त्यात अफगाणिस्तान, बांगलादेश, इराण, नायजेरिया, पाकिस्तान, श्रीलंका हे देश येतात. शिवाय प्रत्येक सदस्य देश आपली स्वतःची जादा यादी ठेवू शकतो, आणि ती बदलत राहते. म्हणून ‘शेंगेनला ट्रान्झिट व्हिसा लागत नाही’ हे वाक्य निरुपयोगी आहे. कोणत्या देशाचा विमानतळ, हे विचारा. अमेरिका, कॅनडा किंवा जपानचा वैध व्हिसा असलेल्यांना या संहितेत सूट आहे, तीही तपासून घ्या.

लंडनचं हीथ्रो या परीक्षेत काठावर पास होतं. आतली व्यवस्था शिस्तीची आहे: जांभळ्या रंगाच्या फ्लाइट कनेक्शन्सच्या पाट्या, टर्मिनलांमधली आतली बस, कंपन्यांचे कनेक्शन डेस्क. हातात पुढचा बोर्डिंग पास असेल आणि बॅग नसेल तर काम सुरळीत होतं. पण वेळेच्या बाबतीत ढिलाई अजिबात नाही. ब्रिटिश एअरवेज विमान सुटण्याच्या ३५ मिनिटं आधी सुरक्षा तपासणीच्या दारातून आत गेलेले असावेत असं म्हणते. तिथे बोर्डिंग पास स्कॅन होताना वेळ उलटली असेल तर दार उघडत नाही. ब्रिटनमध्ये ‘आतून जाणं’ आणि ‘सीमा ओलांडून जाणं’ यांचे व्हिसा वेगळे आहेत, आणि काही पासपोर्टना नुसतं आतून जायलाही डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा लागतो. इलेक्ट्रॉनिक परवानगीच्या, म्हणजे ईटीएच्या नियमांत सीमा न ओलांडता विमान बदलण्यासाठी हीथ्रो आणि मँचेस्टर एवढेच विमानतळ धरलेले आहेत. गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन इथे विमान बदलणं म्हणजे सीमा ओलांडणं असंच समजून तयारी करा. ठरावीक देशांचे व्हिसा असलेल्यांना ब्रिटनमध्ये व्हिसाविना ट्रान्झिटची सवलत आहे; त्यात दुसऱ्या दिवशी रात्री ११.५९ च्या आत निघावं लागतं.

क्वालालंपूरला मात्र नापास करावं लागतं, निदान दोन टर्मिनलांमध्ये विमान बदलायचं असेल तर. टर्मिनल १ आणि टर्मिनल २ (२०१४ मध्ये उघडलेलं, जुनं नाव केएलआयए २) यांच्यामध्ये प्रवाशांसाठी आतला रस्ता नाही. ट्रेनने अंतर तीन मिनिटांचं आहे, पण ती ट्रेन इमिग्रेशनच्या बाहेर. मोठ्या कंपनीच्या विमानाने टर्मिनल १ वर उतरायचं आणि स्वस्त कंपनीचं विमान टर्मिनल २ वरून पकडायचं, ही जोडी दिसायला सर्वांत आकर्षक आणि व्हिसा नसलेल्यासाठी सर्वांत धोक्याची. ज्यांच्या पासपोर्टला मलेशियात व्हिसामुक्त प्रवेश आहे त्यांनी बाहेरून जावं, पण डिजिटल अरायव्हल कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरून ठेवावं. एअरएशियाची फ्लाय-थ्रू नावाची चांगली सेवा टर्मिनल २ वर आहे: बॅग थेट पुढे, इमिग्रेशन नाही. पण ती एकाच बुकिंगमध्ये घेतलेल्या विमानांनाच. त्याच कंपनीची दोन तिकिटं वेगवेगळी काढली तर फ्लाय-थ्रू लागू होत नाही. इथे दोन तिकिटांत वाचणारे पैसे बघायचेच नाहीत, फ्लाय-थ्रूच घ्यायची.

दोन विमानतळ असलेल्या शहरांचं तर बोलायलाच नको. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, इस्तंबूलला इस्तंबूल आणि सबिहा गोकचेन, टोकियोला नारिता आणि हानेडा. शहराचं नाव एकच दिसतं, कोड वेगळा असतो. विमानतळ बदलणं म्हणजे रस्त्यावर येणं, आणि रस्त्यावर यायला प्रवेशपरवानगी हवी.

सिडनीला घड्याळ बघा. ऑस्ट्रेलियात काही पासपोर्टना व्हिसाविना ट्रान्झिट मिळतं, पण ठरलेल्या आगमनापासून आठ तासांच्या आत निघणारं विमान हवं आणि ट्रान्झिट भाग सोडायचा नाही. सिडनी विमानतळावर रात्री ११ ते पहाटे ६ उड्डाणबंदी असते. रात्री साडेनऊला उतरलात तर आठ तास पहाटे साडेपाचला संपतात, आणि सहापर्यंत विमानच सुटत नाही. म्हणजे संध्याकाळी उशिरा उतरून सकाळचं विमान पकडायचा बेत मुळातच बसत नाही. अशा वेळी ७७१ या वर्गाचा ट्रान्झिट व्हिसा आधी काढावा; त्याला शुल्क नाही. न्यूझीलंडला ट्रान्झिट फक्त ऑकलंडमधून होतं, आणि व्हिसामाफी असलेल्या पासपोर्टनाही तिथे बाहेर न पडता जायला साधारणपणे एनझेडईटीए ही इलेक्ट्रॉनिक परवानगी काढावी लागते. ती विसरली की पहिल्याच चेक-इनला प्रवास संपतो.

चीनची व्यवस्था वेगळी आणि दोन तिकिटांच्या दृष्टीने बरीच सोयीची आहे. बहुतेक सगळ्या देशांच्या नागरिकांना २४ तासांच्या आत तिसऱ्या देशात जाणारं कन्फर्म तिकीट असेल तर व्हिसाविना ट्रान्झिट मिळतं. डिसेंबर २०२४ पासून ठरावीक देशांच्या नागरिकांसाठी ही मुदत २४० तासांची झाली आहे. तिथे सीमा तपासणीच्या ट्रान्झिट काउंटरवर अधिकारी तात्पुरती परवानगी देतो, ती मिळाली तर बाहेर येऊन बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करता येतं. अट मात्र काटेकोर: जिथून आलात तिथेच परत जायचं नाही, पुढचा देश तिसराच हवा. हाँगकाँग आणि मकाव यासाठी वेगळे प्रदेश धरले जातात.

अमेरिकेबद्दल एक वाक्य पुरेसं आहे: ऑगस्ट २००३ मध्ये व्हिसाविना ट्रान्झिट स्थगित झाल्यापासून तिथे विमान बदलणाऱ्यालाही पूर्ण इमिग्रेशन लागतं, तेव्हा सी-१ हा ट्रान्झिट व्हिसा किंवा दुसरा चालणारा व्हिसा अथवा पात्र पासपोर्टवरची एस्टा ही ऑनलाइन परवानगी नसेल तर अमेरिकेमार्गे तिकीट काढूच नका.

वेळ किती ठेवायची

आतल्या आत, एकाच टर्मिनलमध्ये, केबिन बॅगेवर: चार तास. टर्मिनल बदलायचं असेल तर पाच. बाहेर पडून बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करायचं असेल तर सहाच्या खाली जाऊ नका. शेंगेनमध्ये १२ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या प्रवेश-निर्गमन प्रणालीत युरोपीय संघाबाहेरच्या प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि फोटो घेणं सुरू झालं आहे, त्यामुळे बाहेर पडणाऱ्यांनी तिथे आणखी वेळ धरावा.

फार लांब थांबाही बरा नव्हे. कमी दराच्या कंपनीचा आतला काउंटर विमानाच्या दोन-तीन तास आधीच उघडतो; दहा तास आधी पोहोचलेला प्रवासी रिकाम्या टेबलासमोर उभा राहतो. काही विमानतळांचा ट्रान्झिट भाग रात्री बंद होतो, आणि व्हिसा नसलेल्याला तिथे थांबूही देत नाहीत. दुसरं विमान त्या मार्गावरचं दिवसातलं शेवटचं नसावं. सकाळचं चुकलं तर संध्याकाळचं विकत घेता येतं, शेवटचं चुकलं तर ट्रान्झिटची मुदतच संपायला लागते.

हमी विकणाऱ्या सेवा

वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटं एकत्र करून विकणाऱ्या वेबसाइट आता बऱ्याच आहेत. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात सुरू झालेली किवी डॉट कॉम ही त्यातली सर्वांत माहितीची. हमी घेतली तर जोड विमान चुकल्यावर पर्यायी प्रवास किंवा परतावा मिळतो. ही सोय खरी उपयोगाची आहे, पण तिचा आवाका ओळखून घ्या: व्हिसा ही प्रवाशाची जबाबदारी, असं अशा सेवांच्या अटींमध्ये असतं. व्हिसा नाही म्हणून चेक-इनला अडवलं तर हमी लागू होत नाही. म्हणजे या लेखातला मुख्य धोका तिच्यात येतच नाही. वेबसाइटने दाखवलेली जोडी म्हणजे ती तुमच्या पासपोर्टला चालते असा अर्थ नाही. ‘सेल्फ ट्रान्सफर’ ही खूण दिसली की टर्मिनल, विमानतळाचा कोड आणि बॅगेचा नियम स्वतः तपासा.

विमानतळांनी आणि कंपन्यांनी चालवलेल्या जोडसेवांचंही तसंच. ईझीजेटने २०१७ मध्ये गॅटविकवर ‘वर्ल्डवाइड’ ही सेवा सुरू केली, दोन विमानांमध्ये किमान अडीच तास ठेवून. विमान चुकल्यास पुढच्या विमानात जागा, बॅग बेल्टवरून घेऊन जवळच्याच डेस्कवर परत देण्याची सोय, हे सगळं छान. पण बेल्टपर्यंत जायला ब्रिटनची सीमा ओलांडावी लागते. ज्यांना ती ओलांडता येते त्यांच्यासाठी चांगली सेवा, बाकीच्यांसाठी नाही.

नुकसानभरपाईच्या बाबतीत वेगळ्या तिकिटांची बाजू लंगडी आहे. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम एका बुकिंगमधला प्रवास एकसंध धरतो: शेवटच्या ठिकाणी तीन तास किंवा जास्त उशीर झाला की भरपाईचा हक्क येतो, असाधारण परिस्थिती सोडून. दोन बुकिंग असतील तर प्रत्येक विमान सुटं. पहिलं विमान सव्वा तास उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर भरपाई नाही. २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने एक फरक स्पष्ट केला: ट्रॅव्हल एजन्सीने वेगवेगळ्या कंपन्यांची विमानं जोडून एकच किंमत लावली आणि एकच तिकीट दिलं असेल, तर ते जोड विमान धरायचं. म्हणून एजंटकडून घेताना विचारायचा प्रश्न हा की तिकीट नंबर एक की दोन. बिल एकच असणं पुरेसं नाही.

आणि दुसरं तिकीट जाण्या-येण्याचं असेल तर एक काम अजिबात विसरू नका. जाताना पहिलं विमान रखडलं आणि दुसरं चुकणार हे दिसू लागलं, की ते सुटायच्या आधी त्या कंपनीला फोन किंवा चॅट करून कळवा आणि तिकीट बदलून घ्या, पैसे भरावे लागले तरी. न कळवता विमान चुकवलं तर बहुतेक कंपन्या तुम्हाला ‘नो-शो’ ठरवून त्या तिकिटावरचा परतीचा प्रवासही रद्द करतात. मग मधल्या विमानतळावर नुसतं पुढचं तिकीट नव्याने घेऊन भागत नाही, येतानाचंही घ्यावं लागतं.